काट्यातले झेंडे

...आणि वर आमचे हे मलाच सांगतात, घाबरू नकोस, हा फ्लॅगचा घोळ आहे. न घाबरून कसं चालेल? तुम्हाला सांगते, चार महिन्यांची माझी पोर, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की दहा दिवसांत दोनशे ग्रॅम वाढली नाही तर तपासण्या करू, आणि आमचे हे बाळांचे वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर, म्हणून घरी आणलेल्या काट्यावर तिला ठेवते तर आकडा काय? शून्य. हातपाय झाडणारी पोर, वजन शून्य! 

फ्लॅग म्हणजे काय हो, विचारलं, तर म्हणे काट्यात एक मोठा प्रोग्राम, त्याच्या पोटात एक छोटी भाषा बसवलेली, दोन्ही तयार करणाऱ्या कम्पायलरला द्यायच्या सूचना म्हणजे फ्लॅग, ते जुळले नाहीत तर एक जण आकडा आठ खणांत लिहितो, दुसरा चारच खण वाचतो. म्हणजे एकाने इंचात कापायचं, दुसऱ्याने सेंटिमीटरात शिवायचं. सातवी शिकलेय मी, फ्लॅग म्हणजे झेंडा एवढं कळतं. आठवडाभर खुर्चीत बसून काय झेंडे लावलेत ते दिसतच होतं... साय धरलेले चहाचे कप, कीबोर्डात बिस्किटाचा चुरा, अंगात तीन दिवसांचा तोच शर्ट. शी! आणि पालुपद एकच, दोन्हीकडे सेम आहे गं, मी ताडून पाहिलंय.

शेवटी पोरीला कडेवर घेऊन मीच बसले. दोन्हीकडच्या झेंड्यांच्या दोन ओळी, बोट ठेवून, अक्षराला अक्षर. तर एक ओळ पडद्याबाहेर पळालेली, ह्यांनी ती कधी सरकवलीच नव्हती!

"अहो, इथे शेपटाला बत्तीस आहे. तिथे कुठाय?"

मग ह्यांनी घातलं बत्तीस, म्हणजे चार खणांची खूण, आणि पुन्हा शून्य. का? तर छोट्या भाषेची जुनी फाईल पुसलीच नव्हती, तीच परत चिकटवली. खरकट्या भांड्यात ताजं दूध ओतावं तसं. काय झेंडे लावलेत हो, म्हटलं, आता तरी पुसा.

पुसलं, नव्याने बनवलं. लंगोट काढून पोरीला ठेवलं. डॉक्टरीणबाईंकडे पाच किलो नव्वद ग्रॅम होती, आज पाच किलो तीनशे... दोनशे दहा वाढली हो! मी रडले, हे साहेबांना फोन लावायला वळले, आणि पोरीने काट्यावरच धार सोडली. आकडा थरथरला... शून्य.

"हा आता फ्लॅगचा घोळ नाही," हे म्हणाले.

नाहीच. आठवडाभरात ह्या घरात झेंडा लावला तो तिनेच.