तळलेलं बंद

बिहारमधल्या आरा शहरात सकाळची रामकथा ऐकून मी थेट दवाखान्यात आले होते. बाकावर शेजारी लोटन महतो एक पिशवी सांभाळत बसले होते. त्यांच्याच गावचे दूधनाथ पंडित तपासून बाहेर आले आणि धाप टाकत टेकले.

“काय म्हणाले डॉक्टर, बाबा?”

“तळलेलं बंद. तूप बंद. भात-वरण खा म्हणाले.”

“मग परवा आमच्या फुलमतीचं लग्न?”

“येईन की. आशीर्वाद देईन.”

“आणि जेवण?”

“तुला काय नवीन सांगू, लोटन? तुमच्या घरची तुपातली पुरी आम्हा ब्राह्मणांना चालते. पाण्यात शिजलेला भात नाही चालत.”

“जन्मभर पुऱ्याच खाल्ल्यात आमच्या. म्हणून तर छाती धरून बसलात!”

“हसतोस काय मेल्या!”

“हसू नको तर काय करू? पोरगी अडून बसलीय. पंडितबाबा जेवले नाहीत, तर मांडवात येणार नाही म्हणते.”

“हट्टी आहे कार्टी.”

“तुमच्याच ओसरीवर अक्षरं गिरवली तिनं.”

“हं.”

“बाबा?”

“भात कोण रांधणार?”

“तिची आई.”

“मऊ शिजवायला सांग. दात कुठे राहिलेत मला?”

“सांगतो. वरून चमचाभर तूपही सोडायला लावतो. म्हणजे कुणी विचारलं, तर तुपातलंच खाल्लं म्हणता येईल.”

“तूप बंद आहे. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं नाहीस?”