धक्काबुक्कीतली बुक्की

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, संघटनेचे पदाधिकारी, आज ज्यांचा निवृत्तीचा सत्कार आहे ते आमचे भाऊजी, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या ताई, आणि पाणीपुरवठा विभागातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

खाली पंप चालू आहे, म्हणून जरा मोठ्याने बोलते. बंद करा म्हणणार नाही. तो बंद पडला की शिव्या कोणाला बसतात, हे या सभागृहात कोणाला सांगायला हवं?

मला म्हणाले, जोडीदाराच्या बायकोने दोन शब्द बोलावेत. भाऊजी आणि आमचे हे, दोघांनी मिळून अर्ध्या गावाला पाणी सोडलं. खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं भाऊजींनी, आत वाकून लांब चावीने वॉल्व्ह फिरवायचा ह्यांनी. सगळे त्यांना ‘चावी आणि झाकण’ म्हणायचे. भाऊजी कुरकुरायचे, “वहिनी, याला चावी म्हणतात आणि मला झाकण. हा कुठला न्याय?” त्यावर हे म्हणायचे, “अरे, आधी तू हलतोस, मग मी फिरतो. मान तुझाच!” हसा, हसा. तेही असेच हसायचे.

मघाशी साहेबांनी नव्या कायद्याचा उल्लेख केला. कामावरच्या सरकारी माणसावर हात उगारला तर आता शिक्षा जास्त. चांगलं झालं. त्या मागणीच्या मोर्चात फलक धरून मीही चालले होते. पण आमच्या ह्यांच्या खटल्याला तो लागू नाही. घटना आधीची, कायदा नंतरचा. मी वाचून पाहिलं. वाचायला मी लग्नानंतर शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तेव्हापासून छापलेलं काही सोडत नाही.

पाणी उशिरा आलं म्हणून भाऊजींच्याच गल्लीत भांडण झालं, हे पडले, खड्ड्याच्या कडेला डोकं आपटलं आणि दवाखान्यात वारले, इतकं आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा भाऊजींनी मला एवढंच सांगितलं, “वहिनी, धक्काबुक्की झाली.” पोलिसांना तेच सांगितलं. पेपरात तेच आलं. ज्या मुलावर खटला आहे त्याचे वडील घरी आले, हात जोडून म्हणाले, “ताई, पोरगं तापट आहे, पण वाईट नाही हो. धक्काबुक्कीत पाय घसरला त्यांचा. नशीब, दुसरं काय!”

धक्काबुक्की तर रांगेतही होते, नाही का? घरी येऊन आपण ती सांगतो आणि जेवायला बसतो.

म्हणून मी वाचनालयातला जाडा कोश काढला. बुक्की म्हणजे मूठ आवळून मारलेला ठोसा. इतकी वर्षं मी हा शब्द बोलत होते, त्यातली मूठ मला कधी दिसली नव्हती. तेव्हापासून मनात एकच आहे. त्या दिवशी नुसता धक्का होता, की बुक्कीही होती? हे घसरले, की ह्यांना पाडलं?

जवळ उभा असलेला, सगळं पाहिलेला माणूस एकच, भाऊजी. पुढच्या आठवड्यात त्यांची साक्ष आहे. परवा भाऊजी आणि ताई घरी आले होते. भाऊजी म्हणाले, “वहिनी, नोकरी संपली, पण राहायचं त्याच गल्लीत. समोरचं दार त्या पोराच्या घरचं. तुम्हीच सांगा, मी काय सांगू?” ताई फाडकन म्हणाल्या, “त्यांना काय विचारता? त्या होत्या का तिथे?”

भाऊजी, मान खाली घालू नका. भीती मलाही वाटते. भाजीला मीही त्याच गल्लीतून जाते. परवाच्या प्रश्नाचं उत्तर आज देते.

साक्षीदाराला पढवायचं नसतं, हेही मी वाचलंय. तेव्हा काय सांगा, ते मी सांगणार नाही. खरंच पाय घसरला असेल तर तसं सांगा. मी ते मानीन आणि त्या मुलाच्या वडिलांकडे स्वतः जाईन. पण ‘धक्काबुक्की’ म्हणून थांबू नका. आधी कोण बोललं, कोणाचा हात कुठे होता, आमचे हे काय म्हणाले, सगळं सांगा. शिक्षेचं न्यायाधीश बघतील. माझा नवरा कसा गेला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सत्काराच्या दिवशी कोर्टाचं काढलं, तरी अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. कोणाचं मन दुखावलं असेल तर घरचीच बाई बोलली म्हणून सांभाळून घ्या.

भाऊजी, तब्येत जपा. आणि साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांकडे बघून बोलणं जड गेलं, तर माझ्याकडे बघून सांगा. मी समोरच बसलेली असेन.