कॉम्प्युटरचं झबलं

माझा जुना विद्यार्थी वजदी याने अस्वानहून आभाराचं पत्र पाठवलं होतं. त्या आभारांना मी लायक नाही असं वाटून वर्षभर उत्तरच दिलं नाही. परवा कैरोत प्रिंटरची शाई घ्यायला कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या वयस्कर बाई काउंटरवर कॉम्प्युटर ठेवून दुकानदाराशी बोलत होत्या; तो त्यांना आदराने ‘हाज्जा’ म्हणत होता.

“सामेह, बाळा, नवा कोरा घेतला, आणि सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतो. शुक्रवारी लेक त्यावर मला नातू दाखवणार आहे रे!”

“हाज्जा, घरी यावर काही झाकता का?”

“मग! इतकी वाळू उडते. जाड झबलं शिवलंय त्याला. नाड्यासुद्धा लावल्यात.”

“आणि चालू करताना काढता?”

“कशाला? वाळू काय सांगून येते?”

“अहो, गुदमरतो तो, तापून बंद पडतो. हे बघा, झबल्याशिवाय दहा मिनिटं चाललाय.”

“अगं बाई! देव तुझे हात सुखरूप ठेवो.”

“मी काहीच केलं नाही, हाज्जा.”

“गप रे! मी मनापासून देतेय, आणि तू दारातूनच परत पाठवतोस?”

“बरं बाई, घेतला आशीर्वाद.”

“आता कसं!”

शाई न घेताच मी घरी आलो. ‘वजदी, तुझं पत्र मी जपून ठेवलंय,’ एवढंच लिहिलं आणि लगेच जाऊन टपालपेटीत टाकलं.