बॅटरीचं पाणी

...नाही जी, झाडाले पाणी पाजणं हे काय पाप हाये का? तुमीच सांगा! तुळशीले रोज लोटाभर घालतो, पाखरांसाठी खापरीत पाणी ठेवतो, दारी आलेल्या माणसाले पाणी पाजल्याबिगर सोडत नाही हा सदाशिव... अन् तोच आज झाडाचा खुनी! बरं, पाणीच त पाजलं ना?

झालं असं, नात आमची समीक्षा, नागपूरले शिकते, परीक्षेआधी एक कुंडी घेऊन आली. म्हणे, "आबा, हे झाड किडे खातं." आता ज्याच्या बाभुळगावच्या वावरात बोंडअळीनं सारा कापूस पोखरला, त्याले हे ऐकून काय वाटन? म्या त हातच जोडले! म्हनलं, बाई, एकरभर काहून नाही आणलं? त हासली. मंग पाच लिटरचा डबा ठेवला समोर. "कुंडीखालच्या ताटलीत फक्त हेच पाणी, आबा. बोअरचं नाही हं, त्यातले क्षार याला सोसत नाहीत. खत तर अजिबात नाही. शप्पथ?" घेतली जी शप्पथ! तिच्या डोक्यावर हात ठेवून!

मंग डबा पाह्यला... अरे, हे त बॅटरीत टाकतात ते पाणी! उन्हाळा असा, रोज चार घंटे लाइन गुल, अन् इन्व्हर्टर कोरडा. बायको शकू म्हणे, "अवो, लेकराच्या झाडाचं हाये ते!" म्या म्हनलं, "बोअरचं आपण नाही का पेत?" अन् वतलं सारं बॅटरीत! झाडाले तुळशीतला उरलेला लोटा. आता आमच्या बोअरचं पाणी गंजा-पातेल्याले चुन्याचा थर लावते, हे खरं... पण पाणीच त पाजलं ना?

महिन्याभरात पानं काळी. घाबरून चिमूटभर युरिया टाकला... कापसाच्या पराटीले टाकतोच ना जी! त उरलंसुरलंही आडवं. बोंडअळीनं पराटी खाल्ली, अन् किडे खाणारं झाड म्या खाल्लं! अन् पोरगी रोज फोनवर, "आबा, कसं आहे?" मी म्हणो, "मजेत! काल दोन माश्या खाल्ल्या." लय लाज वाटे, सांगतो तुमाले...

काल आली. मातीवरचा पांढरा थर बोटानं खरवडला. रडली असती त बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आबा, माझंच पाणी दिलं होतं ना?" म्या म्हनलं, "तुह्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घेतलती ना, बाई!"

अन् तेवढ्यात लाइन गेली. साऱ्या गल्लीचे कूलर बंद, पंखे बंद... अन् आमचा पंखा? फिरून राह्यला बाप्पा, गरगर गरगर! तिनं पंख्याकडं पाह्यलं. म्या कुंडीकडं.

काय सांगू... पाणीच त पाजलं ना जी. इन्व्हर्टरले.