वरचे दोन वांगे

नाई नाई, उठू नका काकू, मी इथंच बसतो बांधावर — पोतं-बितं कायले आनता, माह्या पॅन्टले काय होते — तुमी कोथिंबिरीच्या, सांभाराच्या जुड्या बांधा, मी बोलतो. पंजाबराव भेटले मले वाटंत, म्हनले, सर, आई तुमच्याशी बोलनार नाई, उगीच ऊन खाऊ नका. मी म्हनलं, नसन बोलायचं तर नका बोलू म्हना, ऐकून तर घेतीन. अन् ऐकाच काकू, आता दिवस किती राह्यले — आज गुरुवार. शनिवारी हेडसर तुमच्या नातीचा, उज्ज्वलाचा शाळा सोडल्याचा दाखला तिच्या बापाच्या, पंजाबरावच्या हातात देतीन. दोन दिवस मीच थांबवला तो, कपाटाची चाबी सापडत नाई म्हनून खोटं बोललो. एकदा दाखला निघाला का पोरगी गेली मामाच्या गावाले, अन् तिथं शाळा हाये पाचवीपर्यंत. सातवीतली पोरगी तिथं जाऊन काय करीन? बकऱ्या पाहीन. दोन वर्स बकऱ्या, अन् मंग कोनीतरी म्हनन, आता कुठं शाळेत घालता तिले, स्थळ पाहा. मी चार पोरींचं पाह्यलं असं. पाचवी माह्यामुळं नको व्हायले — म्हंजे, माह्यामुळं म्हंजे... शाळेमुळं.

तुमाले वाटत असन सरनं मुद्दाम केलं. नाई हो. मनापासून सांगतो, धडा चांगला होता. पुस्तकातलं वजन-माप पोट्ट्यायच्या डोक्यात घुसत नाई — ग्रॅम, किलो, नुसतं पाठ. मी म्हनलं चला बाजारात, खरी तागडी, खरे मापं, खरे मानसं. प्रयोगशाळेतला डिजिटल काटा घेतला, मोबाइल घेतला, पस्तीस पोट्टे रांगेत. आमच्या वर्गाचं पान हाये न इन्स्टावर — पोट्टेच चालवतात, मी फक्त पासवर्ड ठेवतो — असं, ठेवायचा म्हनून ठेवतो. त्याच्यावर आपले धडे टाकतो आमी. कोनी पाहात नव्हतं. तीस-चाळीस जन, त्यातले अर्धे आमीच. अन् पह्यलं दुकान कोनाचं घ्यायचं म्हनलं तर हात कोनाचा वर? उज्ज्वलाचा. माह्या आजीचं, माह्या आजीचं — उड्या मारत होती. तिले कुठं माहीत तुमच्या वजनाच्या दगडाचं? तुमी तरी कधी मोजला तो? सासूबाईपासूनचा दगड, किलोचा म्हनला का किलोचा. बाजारातल्या साऱ्यायले माहीत हाये का तो घासला, अन् कस्तुराबाई त्याच्यावर दोन वांगे टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाले सोडत नाई. मले माहीत नाई का? मीच किती वेळा नेले वांगे तुमच्यापासून, घरी कधी कमी भरले नाई.

हो. मले माहीत होतं. थांबा, सांगतो.

तुमच्या दगडानं मोजलेले वांगे काट्यावर भरले आठशे नव्वद ग्रॅम. उज्ज्वलानं मोठ्यानं वाचलं अन् हासली — पोट्टे हासतातच काकू, आकडा वाचला का हासतात. तेवढंच साऱ्यायनं पाह्यलं. तीस सेकंद. दगड, काटा, आठशे नव्वद, अन् नात हासून राह्यली. संध्याकाळपर्यंत बारा हजार लोकायनं पाह्यलं, रविवारी दोन लाख. पुन्याचा कोनी लिहिते, नागपूरचा कोनी लिहिते — जाऊ द्या काय लिहितात, मी ते वाचून दाखवनार नाई. कामरगावच्या जीपमध्ये लोक तोच व्हिडिओ लावून राह्यले होते, हे मी सोता ऐकलं, तोंडाले रुमाल बांधून बसलो होतो मी. अन् मंगळवारच्या बाजारात ते गिऱ्हाईक तुमच्यापुढं खिशातला काटा काढून उभं राह्यलं, तुमी पाटी उचलली अन् निघून गेल्या — ते बी पाह्यलं. टपरीमागं होतो उभा. पुढं नाई आलो. नऊ दिवस झाले. तुमी बाजारात बसत नाई, सारा माल हर्रासात, पडन त्या बोलीले जाते, उज्ज्वला शाळेत येत नाई, अन् पंजाबराव म्हनतात तुमी पोरीशी बोलत नाई. तिच्या हातचं पानी घेत नाई. काकू, तिच्यावर नका काढू. तिचं काय चुकलं?

तिनं सांगतलं असन न तुमाले — का आजीनं वरून वांगे टाकले होते, सरनं ते दाखवलंच नाई? सांगतलं असनच. अन् पंजाबराव म्हनले असतीन, मंग व्हिडिओत कुठं दिसते? बरोबर. नाई दिसत. मी कापलं ते. मोबाइलनं नाई कापलं. तीस सेकंदावर जात नाई म्हनून बी नाई — हेडसरले मी तसंच सांगतलं, तालुक्याच्या साहेबाले बी तसंच सांगतलं, पन नव्वद सेकंदाचं बी जाते हो, आरामात जाते. वांगे पडले अन् काटा गेला हजार चाळीसवर, अन् मले वाटलं, आता यात काय गंमत राह्यली? बरोबर माप कोन पाहाते? सहा महिने धडे टाकले काकू, सहा महिने, चाळीस जनासाठी. लोक म्हनत, संघपाल सर मोबाइलवर पोट्टे नाचवते. वाटलं, एकदा तरी कोनी पाहावं. अन् पाह्यलं न. साहेबाचा फोन आला, सर, असंच पाहिजे, जिल्ह्याच्या प्रशिक्षनात तुमीच दाखवा. मी तो फोन स्पीकरवर टाकून बायकोले ऐकवला. त्याच संध्याकाळी उज्ज्वलाचा निरोप होता, आईच्या मोबाइलवरून — सर, आजीचे वरचे वांगे काहून नाई दिसत? मी लिहिलं, पुढच्या भागात. अन् एक अंगठा टाकला.

तोच पुढचा भाग करायले आलो मी. ऐका तर. हे पाहा, नवे मापं आनले, लोखंडाचे, सरकारी शिक्का मारलेले — पिशवीत मोबाइलचा स्टँड बी हाये — तुमी फक्त दोन मिनिटं तो जुना दगड उचला, बाजूले ठेवा, अन् हे नवं माप तागडीत टाका, उज्ज्वला तुमच्याजवळ उभी राहीन — लोकायले असं लय आवडते काकू, चूक कबूल केली, नवी सुरुवात केली —

...ठेवतो. ठेवतो पिशवीत. चुकलं माहं. तुमी कोनती चूक कबूल करान?

मंग हे तरी पाहा. पूर्न व्हिडिओ हाये माह्यापाशी, पुसला नाई मी. तुमी तर एकदाबी पाह्यला नसन, लोकायच्या तोंडूनच ऐकलं सारं. उन्हानं दिसत नाई, पदराची सावली करा जराक — हं. ह्या तुमी. हा दगड. आठशे नव्वद, ही हासली. आता पाहा — हे टाकलं तुमी एक, अन् हे दुसरं. काटा पाहा काटा. अन् आता ऐका उज्ज्वला काय म्हनते — 'सर, झालं पुरं, जास्तच झालं, हजार चाळीस लिवा! माही आजी कमी नाई देत!' — ऐकलं? दोनदा म्हनते पाहा. माही आजी कमी नाई —

तो... तो माहा आवाज होय. ध्यानात नव्हतं मले का तो बी आला असन. 'गप बस उज्ज्वला, ते नको.' हो. असंच म्हनलो मी तिले. पस्तीस पोट्ट्यायपुढं.

पुन्हा? पुन्हा लावू? ...बरं.

रडू नका काकू. तुमी शिव्या द्या मले, पन रडू नका.

काय? टाकू? टाकतो न, त्याच्यासाठीच तर — फक्त शेवटचा माहा आवाज तेवढा काढून — नाई? आवाजासकट? काकू, साहेब पाहीन तो. पोट्ट्यायचे मायबाप पाहातीन. मास्तर पोरीले गप बस म्हनते, अन् तेच कापून टाकते — उद्या वर्गात कोन्या तोंडानं उभा राहू मी? अन् इथं रेंज बी नाई, हे पाहा, एक काडी नाई. ...विहिरीपाशी येते? तुमाले कसं माहीत, तुमी तर मोबाइल — हं. उज्ज्वला उभी राहते तिथं. बरं. जातो विहिरीपाशी.

गेला. गेला काकू, पानावर बी अन् पालकायच्या ग्रुपवर बी. काही काढलं नाई, पाहा पाहिजे तर. आता तरी पंजाबरावले सांगा, शनिवारी दाखला नका नेऊ म्हना. सोमवारी येईन न ती? तुमी फक्त हो म्हना — अरे, उज्ज्वला. कवाची उभी हाये तू तिथं? ये न. ऐकलं न सारं? — घ्या काकू, घ्या तिले जवळ. असं. — येशीन न बाळा शाळेत? सर वाट पाहून राह्यले. आजीच्या कानात काय सांगते, मले सांग न.

काय म्हनते, काकू?

येईन. येईन म्हनते! मी म्हनलं नव्हतं का — काय? ...ब तुकडीत. माह्या वर्गात नाई.

नाई, बरोबर हाये. बस म्हना तिले तिथं. मीच सांगतो हेडसरले, अन् काहून ते बी सांगतो. त्या दिवशी सोडून गेली ते दप्तर तिथंच हाये बाकाखाली, मी नेऊन ठेवीन ब मध्ये, तिले माह्या वर्गात यायची गरज नाई... हो काकू. हो, समजलं. निघतो. वाफ्यातून नाई जात, बांधावरूनच जातो.