चौथा आवाज

खालील मजकूर मी एप्रिल १८२१ मध्ये, व्हिएन्नाच्या योझेफश्टाट उपनगरात, श्रीमती थेरेझिया प्रांडल यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच तोंडून ऐकला. आदल्या आठवड्यात त्यांचे अंथरुणास खिळलेले यजमान, व्हायोलावादक इग्नाझ प्रांडल, यांनी मला एक विनोदी कॅनन सांगितला होता. चौघांनी एकच कडवे, प्रत्येकाने पुढच्याच्या एक ओळ मागे राहून, गावे, असे ते घरगुती बैठकीचे गाणे. ते छापण्यास बाईंची संमती मागावयास मी गेलो होतो.

— गंमत? ‘आमची जुनी गंमत’ म्हणाले हे? आणि तुम्ही लगेच लिहून घेतलंत. बसा. केक घ्या, कालचा आहे, पण नरम आहे — पेन्सिल मात्र खिशातच राहू दे. काय सांगितलं ह्यांनी? ‘खिडकीपाशी बसली मैना’, ‘वाट सरेना, कुणी येईना’, ‘थंड जाहली कॉफी सारी’ — आणि चौथी ओळ? म्हणा ना. लाजता कशाला, तुमच्या वहीत आहेच की. ‘रेझीला ह्या कोण विचारी?’ रेझी म्हणजे मी. बहिणीच्या घरी राहणारी, तिची पोरं सांभाळणारी, एकोणतिशी गाठलेली. गाणं रचलं भावोजींनी. दर रविवारी जेवणं झाली की कुणावर तरी रचायचे — कधी शेजाऱ्याच्या नाकावर, कधी पाद्रीबाबांच्या पोटावर — आणि रीत अशी, की ज्याची थट्टा त्यानंच शेवटी गायचं. मला चाल तेवढी शिकवली. शब्द पुढच्याकडून उचल म्हणाले, म्हणजे ह्यांच्याकडून. भावोजी पहिले, ताई दुसरी, हे तिसरे, मी चौथी. हे तेव्हा विधुर, दर रविवारी यायचे, माझ्या हातची कॉफी प्यायचे, आणि — जाऊ दे. मी नवा झगा घातला होता, एवढंच सांगते.

मी मैनेची ओळ उचलली, आणि त्याच क्षणी भावोजी चौथ्या ओळीवर पोचले. आलं ध्यानात? गाणं सुरू केल्यावर कळलं. थांबायचं कसं? थांबलं की चौघांचं मोडतं, आणि वर म्हणणार, बघा, रुसली. मी गात राहिले. भावोजी संपले, ताई संपली — सख्खी बहीण हो, हसत हसत संपली — उरलो आम्ही दोघं. आणि ह्यांनी ती ओळ म्हटली. माझ्या शेजारी उभं राहून. मग माझी पाळी, एकटीची. मी गायले, ‘इग्नाझ रेझीला विचारी.’ चाल तीच. छप्पर उडेल असं हसले सगळे. आणि दुसऱ्या दिवशी हे टोपी हातात घेऊन दारात.

लग्न झालं, हो. तीस वर्षं झाली. पण चारचौघांत अडकवलेला माणूस दुसरं काय करणार? मला मागणी घातली की लाज राखली? विचारलं नाही मी. कशाला विचारू? ज्यानं ती ओळ म्हटली —

काय? असं म्हणाले? तुम्हाला म्हणाले? की त्या ओळीला हे गप्प राहिले? ‘मला ती म्हणवेना’? खोटं आहे. साफ खोटं. मी शेजारीच होते. ऐकलं नसतं मी? हे चौथी म्हणत होते तेव्हा मी — मी तिसरी म्हणत होते. कॉफीची. ओरडूनच, संतापले होते ना. मान खाली घालून. आणि ती माणसं हसत होती —

उठा तुम्ही. ह्यांच्या सुपाची वेळ झाली. तो केक राहू दे. आणि ते गाणं छापू नका — निदान आज विचारू नका. दार ओढून घ्या.

प्रांडल यांनी तिसऱ्या आवाजातील शेवटची ओळ म्हटली की गाळली, याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. उरलेले दोन्ही गायक हयात नव्हते. माझ्या वहीत ती जागा मी रिकामी ठेवली आहे.