लक्ष्मण पडेल असताना पोथी बांधली

हॅलो?… हॅलो, कोन?… अवो जरा मोठ्यानं बोला, अथी आंगनात पोट्ट्यायचा कालवा चालू हाय…

हाव, गोजराबाईच बोलून राह्यली. फोन माहा हाय त मीच बोलनार ना… कोन, पुंजाजी भाऊजी?… बोला.

काय म्हंता?… माहं जेवन झालं का?… एवढी माया कुठून आली बाप्पा आज? वैनीचं जेवन इचाराले तुमी फोन केला असं कधी झालं नाही. सरळ सांगा ना, काय पाह्यजे?

हिरी?… हिरी कुठं हाय म्हंता?… हे काय, माह्या बाजूलेच बसेल हाय. हिरव्या सांभाराच्या, कोथमिरीच्या, जुड्या बांधून राह्यली, सकाळी वाशीमच्या बजाराले न्याच्या हायेत. तुमची बायको हाय, माही जाऊ हाय, कोनी पळवून नाही नेली तिले.

नाही, फोनवर येत नाही म्हंते… मान हालवून राह्यली… सैपाक? सैपाक नाही केला म्हंते. पीठ डब्यात हाय, वांगे टोपल्यात हायेत, चुलीजवळ गॅस हाय. आता तुमीच पाहा.

काहून म्हंजे? काहून ते मले इचारता?… भाऊजी, काल सांजच्याले मारुतीच्या देवळात तुमी काय करून ठेवलं, ते इसरले का?

हाव, मी त्याच गोष्टीवर येनार. मंग काय हवापान्याच्या गोष्टी करू?… अवो ऐका ना… ऐका त खरं… सारं गाव बसेल होतं. सरावनाची पोथी. लक्ष्मनाले शक्ती लागली, लक्ष्मन पडला, रामानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं… आन तुमी पोथी रुमालात गुंडाळली, काखेत मारली आन चालते झाले! लक्ष्मन तसाच पडेल, आन पोथी बांधेल! असं कोनत्या गावात झालं, सांगा बरं मले?

तुमाले रिवाज ठावूक नाही असं नाही. लक्ष्मन उठल्याबिगर त्या दिवशी पोथी बांधाची नाही, आन कोनी जागचं हालाचं नाही. आपल्या मामंजीले त्याच दिवशी इच्चू चावला होता, तथीच देवळात, पायाच्या आंगठ्याले. पाय धरून बसले, घामानं निरे भिजून गेले, पन म्हने मारुती मुळी घेऊन येऊ द्या आंदी, मंग माहा इच्चू उतरवा. त्याइचे लेक ना तुमी?

हाव, राग आला. राग आला हे दिसलंच की साऱ्यायले… म्हशीनं दूध चोरलं आज?… मंग चोरनारच. तिलेही कळते.

हासत नाही मी. हिरी हासून राह्यली.

कोनाची चूक?… सायलीची?… थांबा, भाऊजी, थांबा. आता माह्या पोरीवर येऊ नका. पोथी वाचनाऱ्या रूपला बुवाच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा माह्या दारात कोन आलं होतं? तुमी. हात जोडून. वैनी, वाचाले कोनी नाही, सायली बीए झाली, तिले बसवा, मी अर्थ सांगतो. असंच म्हनले होते का नाही?… हाव ना? मंग! गरज सरो, वैद्य मरो.

काय म्हंता?… परत तेच! पोट्ट्यायले गोडी नाही राह्यली, पोट्टे निरे मोबाइलात तोंड घालून बसते, रामायन का महाभारत सांगता येत नाही… कानाचे पडदे फाटले माहे हे ऐकून ऐकून. मागच्या साली देवळात किती पोट्टे होते, सांगा. तुमची नात पल्लवी, तिलेही तुमी दटावून आनेल, आन ती खांबाले टेकून झोपली होती. तुमी अर्थ सांगत होते आन पोरगी घोरत होती. नाचता येईना आन आंगन वाकडं.

आन यंदा? यंदा वट्ट्यावर पाय ठेवाले जागा नव्हती. काहून?… परसादासाठी नाही, फुटाने त दरसालचेच होते. सायली वाचता वाचता थांबते म्हनून. थांबते आन इचारते, तू रामाच्या जागी असता त गेला असता का रे वनात? कोनी म्हंते जातो, कोनी म्हंते कोर्टात केस टाकतो. भांडन होते. घरी जाऊनही भांडते पोट्टे. माह्या घराम्होरं दोघं जन एकमेकाच्या गचांडीले लागले होते, का भरत चांगला का लक्ष्मन चांगला म्हनून! तुमी त्याले गलबला म्हंता. मी म्हंते पोथी त्याइच्या पोटात गेली.

गप बसून ऐकलं पाह्यजे?… काहून?… तुमी गप बसून ऐकलं म्हनून?… अवो तुमी कुठं गप बसत होते! सासूबाई सांगत होत्या मले. कुंभकर्न उठला का तुमी देवळाच्या बाह्यर पळत होते, चड्डी वली करून. हाव हाव, हिरीलेही सांगतलं मी ते. आताच.

बरं, ते जाऊ द्या. मले एक सांगा. काल पल्लवीनं असं काय इचारलं का तुमी पेटले?

नाही, सांगा ना तुमच्या तोंडानं… नाही सांगत? मी सांगते. पोरगी म्हनली, आबा, लक्ष्मन असा पडला हे उर्मिलेले कोनी कळवलं का? लक्ष्मनाची बायको घरी होती ना, तिले कोनी सांगतलं का? बस. एवढंच. आठव्या वर्गातली पोरगी, तुमची सख्खी नात. शिवी देल्ली का तिनं? रामाले नाव ठेवलं का?

आन तुमी काय म्हनले साऱ्या गावात?… आठवत नाही?… मले अक्षर न् अक्षर आठवते. बाईच्या जातीच्या हाती पोथी गेली का असे फाटे फुटते, म्हनले. पोथीत नाही ते इचाराचं नसते, म्हनले. आन बांधली. पल्लवी रडत घरी गेली. सायलीचा हात तसाच पानावर राह्यला, तुमी तिच्या हाताखालून पोथी ओढली. पान फाटता फाटता राह्यलं.

माफी?… कोनी मांगाची?… सायलीनं? देवळात? साऱ्यायसमोर?… उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! नाही मांगनार. मी मांगू देनार नाही. चूक असती त मीच तिले कान धरून आनलं असतं, तुमाले माहा सभाव ठावूक हाय.

मंग बसू नका देऊ तिले… पोथी बंद करता?… हाव, ऐकलं मी ते कमिटीचं. म्होरच्या सालापासून बाह्यरचा महाराज आनता, मंडप टाकता, सात दिवस भोंगा लावता. आना. महाराज बोलंल आन गाव ऐकंल. पन महाराजाले इचारनार कोन? आन इचारलं त तो सांगंल का? आठव्या दिवशी मंडप उठला का पोट्टे परत मोबाइलात, आन तुमी परत रडाले मोकळे, का बापा, आपली संस्क्रुती बुडाली!

मी वाकडी?… असंल. मी पह्यल्यापासूनच वाकडी हाय.

भाऊजी… एक सांगू का? पल्लवीच्या बोलन्याचा तुमाले राग नाही आला. भेव वाटलं तुमाले. तिनं इचारलं तवा तुमी पोथीकडे नाही पाह्यलं, रामाकडे नाही पाह्यलं. तुमी माह्याकडे पाह्यलं. मी समोरच बसेल होती बायकायत. मी पाह्यलं तुमाले पाह्यताना.

नाही, बोलू द्या मले. आज बोलूच द्या… जुनं उकरत नाही. उकरत नव्हती इतके साल. पन आता उकरतेच.

तुमच्या भावाची भाजीची गाडी शेलूबाजारच्या फाट्यावर पलटी झाली. पह्यला फोन तुमाले आला. तुमी पळत गेले, अकोल्याले नेलं त्याइले, रगत देल्लं, उपाशी राह्यले. लय केलं तुमी. मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पन मले काय सांगतलं?… सांगा, काय सांगतलं?… मंडीत अडकले, उद्या येते. असं. आन दुसऱ्या दिवशी परत तेच. आन मी अथी मेथी काढत बसली. त्याइच्या वाटची भाकर झाकून ठेवली मी, दोन्ही राती.

दोन दिवस बोलत होते ते. माहं नाव घेत होते. हे मले तुमी नाही सांगतलं, तथल्या नर्सबाईनं सांगतलं मांगून. मी पोचली तवा डोळे उघडे होते, पन तोंडातून शबद नाही. मी म्हनलं, आवो, मी आली. त्याइले ऐकू गेलं का नाही, मले आजही ठावूक नाही.

काय म्हंता?… काहून नाही सांगतलं ते?

हाव… हाव, ठावूक हाय. बाईच्या जातीले सोसनार नाही म्हनून नाही सांगतलं. हेच म्हनले होते तुमी तवाही. मंग ते गेल्यावर जे सोसलं ते काय होतं? कोनी सोसलं ते?… मी मेली का? नाही मेली. वावर पाह्यलं, पोरगी शिकवली, पाटाच्या पान्यासाठी लोकाइशी भांडली. फकत दोन दिवस माहे होते, ते तुमी मले नाही देल्ले.

रडत नाही. सर्दी झाली… बरं, रडून राह्यली. काय करता?

पोथीत नाही म्हंता?… मले ठावूक हाय पोथीत नाही. म्होरं मारुती पहाड घेऊन अयोध्येवरून जाते, भरताले सारं सांगते, आन तिच्या दाराले कोनी कडी वाजवत नाही. इतके साल ऐकली मी पोथी, माह्या ध्यानातच नाही आलं. पोरीच्या आलं. आन तुमी म्हंता पोट्ट्यायले गोडी नाही! अवो, गोडी असल्याबिगर कोनी घरात बसेल बाईले आठवते का?

हे आपलंच हाय, भाऊजी. रामही आपला, लक्ष्मनही आपला, उर्मिलाही आपलीच. घरच्या मानसालेच मानूस इचारते. परक्याले कोन इचारते?

काय?… आवाज कायचा?… पोट्ट्यायचा. सांगतलं ना पह्यलेच. सारे अथीच हायेत. पल्लवी, शेजारचा नवीन, नानीबाईच्या दोघी नाती, खालच्या गल्लीतले पोट्टे… पोथी लावून राह्यलो आमी. माह्या आंगनात. लक्ष्मनाले उठवतो आज. कालपासून पडेल हाय बिचारा.

पोथी तुमच्याजवळ हाय?… राहू द्या ना. अलमारीत घाला, कुलूप लावा, चाबी कमरेले बांधा. सायलीनं मोबाइलात काढली पोथी… हाव, मोबाइलात! त्याच मोबाइलात. सारीच्या सारी हाय. पोट्टे पाळीपाळीनं वाचनार हायेत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. नवीन त आतापासून घसा खाकरून राह्यला.

बाटते?… पोथी मोबाइलात बाटते?… आन लक्ष्मन पडेल असताना काखेत मारून नेली, ती नाही बाटली?

चिडत नाही मी… अर्थ?… अर्थ कोन सांगनार म्हंता?… पाहू. चुकंल कोनी. चुकू द्या. पोट्टं चुकलं त दुसरं पोट्टं सुधारंल… नाही नाही नाही, फोनवर नाही. फोन स्पीकरवर लावून अर्थ सांगतो म्हंता? असं नाही जमत. तोंडासमोर बसून सांगा लागते.

याचं असंल त या. मी नाही म्हनत नाही. माहं दार तुमाले कधी बंद होतं?… पन ऐकून घ्या. वाचनार सायली आन हे पोट्टे. तुमी बसान मांगं, म्होरं पोरी हायेत. आन पल्लवी तेच इचारनार. मी सांगतलं तिले, परत इचार म्हनून. आन उत्तर तुमी द्याचं. पोथीत नसंल त नाही म्हना. कोनी कळवलं नाही म्हना. कळवाले पाह्यजे होतं, असंही म्हना, जीभ झडत नाही… साऱ्यायसमोर. हाव, पल्लवीसमोर. आन माह्यासमोर.

काय?… मोठ्यानं बोला… कपडे घालता?… पोथी घेऊन येता?… या ना मंग, कोनी अडवलं?

थांबू?… तुमी येलोक पोथी थांबवू म्हंता?

नाही, भाऊजी. थांबाले सांगू नका मले. मी थांबली होती एक डाव.

सायले, वाच व. वाच तू, मी फोन ठेवून राह्यली.